लुब्लियानाने सामावून घेतलेले गाव : शिश्का

स्लोव्हेनियाची राजधानी लुब्लियानाच्या वायव्येस शिश्का हा दाट वस्तीचा विभाग आहे. रुंद रस्ता, उंच इमारती, दुकाने आणि वर्दळ पाहता येथे एके काळी शेती करणारी दोन गावे होती, यावर सहज विश्वास बसत नाही. 'श्पोद्न्या' म्हणजे खालची आणि 'झ्गोर्न्या' म्हणजे वरची शिश्का, अशी ती दोन गावे. शिश्का टेकडीच्या पायथ्याशी, उत्तरेकडे जाणाऱ्या हमरस्त्याला लागून ती वसली होती. आज हा रस्ता 'चेलोव्श्का चेस्ता' म्हणून ओळखला जातो.

पहिल्या संपादकाचे गाव

स्लोव्हेन वाङ्मयाच्या इतिहासात शिश्काचे स्थान मोठे आहे. कवी, धर्मगुरू व शिक्षक वालेंतिन वोद्निक यांचा जन्म ३ फेब्रुवारी १७५८ रोजी वरच्या शिश्कातील एका घरात झाला. राज्यकारभार आणि प्रतिष्ठितांच्या व्यवहाराची भाषा जर्मन असताना त्यांनी शेतकऱ्यांच्या बोलीत लिहिण्याचा आग्रह धरला. १७९७ साली त्यांनी 'लुब्लान्स्के नोवित्से' हे पहिले स्लोव्हेन वृत्तपत्र सुरू केले. पुरेसे वर्गणीदार न मिळाल्याने ते १८०० साली बंद पडले. पंचांग, पाककृतींचे पुस्तक आणि व्याकरण अशा सामान्यांच्या उपयोगाच्या लेखनातूनही त्यांनी भाषेची घडण केली. १८०९ ते १८१३ या काळात हा प्रदेश फ्रेंचांच्या ताब्यात होता. तेव्हा शाळांतून स्लोव्हेनला वाव मिळाला आणि वोद्निक यांनी पाठ्यपुस्तके तयार केली. ऑस्ट्रियाची सत्ता परतल्यावर मात्र फ्रेंचांची स्तुती केल्याचा ठपका ठेवून त्यांना सक्तीने निवृत्त करण्यात आले. १८१९ साली त्यांचे निधन झाले.

रेल्वे, कारखाने आणि विलीनीकरण

गावाचे रूप पालटले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८६४ साली कोस्लर बंधूंनी खालच्या शिश्कालगत युनियन मद्यनिर्मिती कारखाना उभारला. १८७० साली लुब्लियानाहून वायव्येकडे जाणारा लोहमार्ग सुरू झाला. त्यापाठोपाठ कामगारांची घरे वाढली आणि गाव व शहर यांमधील मोकळी जागा भरून निघाली. १९१४ साली खालची शिश्का लुब्लियानात विलीन झाली. वरची शिश्का मात्र १९३५ पर्यंत वेगळी राहिली. दरम्यान, १९२५ ते १९२७ या काळात वाढत्या वस्तीसाठी वास्तुविशारद योझे प्लेचनिक यांच्या आराखड्यानुसार सेंट फ्रान्सिसचे चर्च बांधले गेले.

शहराचा भाग झाल्यावर शहराची संकटेही शिश्काच्या वाट्याला आली. १९४१ मध्ये लुब्लियाना इटलीच्या, तर उत्तरेकडील शेंटविद गाव जर्मनीच्या ताब्यात गेले. फेब्रुवारी १९४२ मध्ये इटालियन सैन्याने संपूर्ण शहराला काटेरी तारांचे कुंपण घातले. त्या कुंपणाच्या मार्गावर आज सुमारे ३४ किलोमीटरची स्मृतिवाट असून तिचा काही भाग शिश्का परिसरातून जातो.

युद्धानंतर येथे 'लितोस्त्रोय' हा टर्बाइनचा मोठा कारखाना उभा राहिला आणि शेतांच्या जागी कामगार वसाहती आल्या. याच कारखान्यात डिसेंबर १९८७ मध्ये अभियंता फ्रान्त्से तोम्शिच यांच्या नेतृत्वाखाली संप झाला. एकपक्षीय राजवटीत स्वतंत्र सोशल डेमोक्रॅटिक संघटना स्थापन करण्याची मागणी तेथे जाहीरपणे पुढे आली. स्लोव्हेनिया १९९१ साली स्वतंत्र झाला. त्याआधीच्या राजकीय जागृतीत या संपाची नोंद आवर्जून घेतली जाते.

काय उरले?

गावाच्या शेतजमिनी आणि सीमा गेल्या, नाव मात्र टिकले. १९६४ साली उघडलेले शिश्का चित्रपटगृह २००९ पासून संगीत व नागर कलांचे केंद्र झाले आहे. इंजिनांच्या जुन्या शेडमध्ये रेल्वे संग्रहालय आहे. वोद्निक यांचे जन्मघरही इमारतींच्या गर्दीत उभे असून तेथे वाचन आणि कथाकथनाचे कार्यक्रम होतात. ज्या भाषेतील वृत्तपत्र पुरेशा वाचकांअभावी चार वर्षांत बंद पडले, ती आज एका स्वतंत्र राष्ट्राची राजभाषा आहे. महानगर गावाला पोटात घेते तेव्हा त्याची स्मृती पुसली जाणे अटळ नसते. ती जपायची की नाही, हे अखेर तेथील माणसेच ठरवतात.