शिधा, जमीन आणि आळस

गुलामगिरी संपली, पण उद्या खायचं काय? अमेरिकेतली यादवी संपता संपता, मार्च १८६५ मध्ये, तिथल्या काँग्रेसने यासाठी ‘फ्रीडमन्स ब्यूरो’ काढला. प्रमुख जनरल हॉवर्ड. काही वर्षांत सुमारे २ कोटी १० लाख शिधे वाटले गेले. एक शिधा म्हणजे एका माणसाचं एका दिवसाचं पोट.

घरदार गमावलेले गोरेही रांगेत होते. पण ‘फुकट खाऊन आळशी होतील’ हा टोमणा मुख्यतः काळ्यांनाच!

गंमत बघा, कसायला ४० एकरांपर्यंत जमीन भाड्याने, पुढे विकत द्यायची तरतूद त्याच कायद्यात होती. राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने त्यातली बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत करायला लावली. १८६६ मध्ये दवाखाने-अनाथालयं वगळता शिधाही थांबवायचा हुकूम निघाला.

पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबवून घेतलेल्यांना आळसाची भीती दाखवायची, म्हणजे कमालच नाही का?