अमरावती व अकोला जिल्ह्यांतील माध्यमिक शिक्षण

अमरावती व अकोला हे महाराष्ट्राच्या वऱ्हाड प्रदेशातील शेजारी जिल्हे आहेत. दोन्ही जिल्ह्यांतील इयत्ता दहावीची परीक्षा राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचे अमरावती विभागीय मंडळ घेते. बुलढाणा, यवतमाळ व वाशिम हे जिल्हेही याच विभागात येतात.

लोकसंख्येची रचना

२०११ च्या जनगणनेनुसार अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या २८,८८,४४५, तर अकोला जिल्ह्याची १८,१३,९०६ होती. साक्षरतेचे प्रमाण अनुक्रमे ८७.३८ व ८८.०५ टक्के होते. अनुसूचित जमातींचा वाटा मात्र अमरावतीत सुमारे १४ टक्के आणि अकोल्यात सुमारे ५.५ टक्के होता. अनुसूचित जातींचे प्रमाण अकोल्यात अधिक, म्हणजे सुमारे २० टक्के होते.

अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा हे तालुके मेळघाटात मोडतात. तेथे कोरकू समाजाची मोठी वस्ती आहे. कोरकू ही ऑस्ट्रो-आशियाई कुळातील भाषा असल्याने तेथील अनेक मुलांसाठी मराठी ही शाळेत शिकावी लागणारी दुसरी भाषा ठरते. रोजगारासाठी होणाऱ्या हंगामी स्थलांतराचाही शाळेतील उपस्थितीवर परिणाम होतो. जिल्ह्याच्या सरासरीत ही परिस्थिती दिसून येत नाही.

शाळांचे प्रकार

जिल्हा परिषद, नगरपालिका व महानगरपालिका यांच्या शाळा, खासगी अनुदानित व विनाअनुदानित शाळा आणि आदिवासी भागातील आश्रमशाळा असे शाळांचे मुख्य प्रकार आहेत. पंजाबराव देशमुख यांनी १९३२ साली अमरावतीत स्थापन केलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेचा ग्रामीण भागातील शिक्षणप्रसारात मोठा वाटा आहे. अकोला, बाळापूर, अमरावती, अचलपूर आदी शहरांत उर्दू माध्यमाच्या शाळाही आहेत.

दहावीचे निकाल

अमरावती विभाग व राज्य यांचे उत्तीर्णतेचे प्रमाण (टक्के):

• २०१९ – विभाग ७१.९८, राज्य ७७.१०
• २०२० – विभाग ९५.१४, राज्य ९५.३०
• २०२४ – विभाग ९५.५८, राज्य ९५.८१
• २०२५ – विभाग ९२.९५, राज्य ९४.१०

२०१९ मध्ये नवा अभ्यासक्रम लागू होता आणि भाषा व सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत मूल्यमापनाचे गुण बंद करण्यात आले होते. ते गुण पुन्हा सुरू झाल्यावर पुढील वर्षी निकाल एकदम वाढला. २०२१ मध्ये कोविड साथीमुळे लेखी परीक्षा झाली नाही. अंतर्गत मूल्यमापनावर आधारित राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. त्यामुळे निकालातील चढउतार हा केवळ शाळांच्या गुणवत्तेतील बदल मानता येत नाही.

तुलनेच्या मर्यादा

विभागाचा जाहीर निकाल नियमित विद्यार्थ्यांचा असतो. पुनर्परीक्षार्थी व खासगीरीत्या परीक्षा देणाऱ्यांचे निकाल स्वतंत्रपणे दिले जातात. दहावीपूर्वीच शाळा सोडलेल्या मुलांची गणना यात होत नाही. परिणामी, गळती अधिक असलेल्या शाळेचा निकालही उंच दिसू शकतो. म्हणून दोन शाळांची वा तालुक्यांची तुलना करताना उत्तीर्णतेसोबत पहिलीत दाखल झालेल्यांपैकी किती मुले दहावीपर्यंत पोहोचली, शिक्षणाचे माध्यम कोणते आणि घरची भाषा कोणती, हे पाहणे आवश्यक ठरते. १९९८ मध्ये अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाल्याने त्यापूर्वीची अकोल्याची आकडेवारी आजच्या जिल्ह्याशी थेट ताडून पाहता येत नाही.