गिरणगावची शाहिरी आणि हिप-हॉप : गीताच्या टिकाऊपणाचा एक विचार

हिप-हॉपमधील श्रेष्ठ गीतांच्या याद्या पाश्चात्त्य जगात वारंवार प्रसिद्ध होतात. क्रमांकांविषयी मतभेद असले तरी ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह यांचे 'द मेसेज' हे गीत त्यांत बहुधा असतेच. न्यूयॉर्कमधील मोडकळीस आलेल्या वस्तीचे चित्रण करणारे हे गीत १९८२ मध्ये आले. त्याच वर्षी १८ जानेवारीस मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हा योगायोगच होय. मात्र लालबाग-परळच्या श्रमिक वस्तीत असे कथनप्रधान, तालबद्ध गीत ब्राँक्सच्या तीन दशके आधीच उभे राहिले होते. त्यातील काय टिकले आणि का टिकले, याचा विचार प्रस्तुत लेखात अण्णाभाऊ साठे यांच्या रचनांच्या आधारे केला आहे.

वाटेगावात १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मलेले अण्णाभाऊ लहानपणीच मुंबईस आले आणि येथील कामगार चळवळीत घडले. १९४४ मध्ये त्यांनी अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक स्थापन केले. ढोलकी, डफ, तुणतुणे आणि झील धरणारे साथीदार एवढेच त्यांचे साहित्य. शाहीर परिचित चालीवर नवे शब्द बसवीत असे. श्रोत्याला चाल आधीच ठाऊक असल्याने त्याचे सारे लक्ष शब्दांकडे जाई. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्क यांनी जुन्या तबकड्यांतील तालाचा तुकडा लांबवून लोकांना नाचविले, त्यामागील युक्ती फारशी निराळी नव्हती. प्रत्युत्तराची रीतही दोन्हीकडे आढळते. कलगी-तुऱ्याची परंपरा असलेल्या मराठी मुलखात पठ्ठे बापूरावांच्या मुंबईच्या गुणगानाला अण्णाभाऊंनी 'मुंबईची लावणी' रचून श्रमिकांच्या मुंबईचे उत्तर दिले.

टिकाऊपणाचा प्रश्न अण्णाभाऊंच्या दोन रचना शेजारी ठेवल्यास अधिक स्पष्ट होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील त्यांचा स्टालिनग्राडचा पोवाडा आवेशाने कमी नाही. परंतु आज तो मुख्यतः अभ्यासकांपुरता उरला आहे. याउलट 'माझी मैना गावावर राहिली' ही संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील छक्कड आजही गायिली जाते. तिचा प्रसंगही तेवढाच तात्कालिक होता. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटन येथे गोळीबार झाला, चळवळीत शंभराहून अधिक माणसे हुतात्मा झाली आणि १ मे १९६० रोजी राज्य मिळाले. मागणीचा मोठा भाग पूर्ण झाल्यावर गीताने विसरले जावे, असे घडले नाही.

याचे कारण रचनेतच आहे. गीताचा आरंभ मागणीने होत नाही. पोटासाठी मुंबईस आलेल्या आणि गावी प्रिय व्यक्ती सोडून आलेल्या पुरुषाच्या विरहाने होतो. कोकणातून वा घाटावरून येऊन खोलीत दाटीने राहणाऱ्या, खानावळीत जेवणाऱ्या गिरणी कामगाराला हे दुःख समजावून सांगावे लागत नव्हते. ते त्याचेच होते. पुढे हीच ताटातूट महाराष्ट्रापासून तुटलेल्या बेळगाव, कारवार या मराठी प्रदेशाची होते. सीमाप्रश्न अद्याप सुटलेला नाही, हेही गीताच्या आयुष्यास कारण झाले असावे. पण मुख्य कारण ते नव्हे. स्थलांतर थांबलेले नाही, म्हणून मैनेची जागा भरणारा श्रोता प्रत्येक पिढीत भेटतो. स्टालिनग्राडच्या पोवाड्यात श्रोता साक्षीदार असतो, येथे तो पात्र होतो.

एक उणीव मात्र नोंदविली पाहिजे. मैना स्वतः बोलत नाही. गिरण्यांत स्त्रियाही काम करीत होत्या, आणि गावी राहिलेल्या स्त्रीला जात्यावरच्या ओवीची स्वतःची वाणी होती. हिप-हॉपवर स्त्रीचित्रणाबाबत होणारा आक्षेप गिरणगावच्या शाहिरीलाही थोडा लागू पडतो.

संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि गीताचा मूळ श्रोतृवर्ग पांगला. मुंबईतील नव्या रॅपचा बोलबाला कुर्ला, अंधेरी, धारावी येथून झाला. नेझी व डिव्हाइन यांचे 'मेरे गली में' हे २०१५ मधील गीत हिंदी वळणाचे आहे. तथापि स्वदेशी या गटाने २०१९ मध्ये प्रकाश भोईर यांच्यासह आरेच्या जंगलासाठी केलेल्या 'द वारली रिव्होल्ट'मध्ये आदिवासींच्या जमिनीचा प्रश्न त्यांच्याच बोलीतून येतो. तेथे ढोलकी नाही. बोलणारा माणूस मात्र पुन्हा आपल्या भूमीपासून तोडला जाणाराच आहे.