बारावीला बायोलॉजी होतं, नीटला नंबर लागला नाही. जिल्ह्यात बीएस्सी करायचं तर काय पाहावं?

अहिल्यानगर : नीटचा निकाल लागला की गावोगावच्या घरांत एकच चर्चा सुरू होते. पोराला किंवा पोरीला बारावीला बायोलॉजी होतं, मार्क बरे पडले, पण एमबीबीएसला नंबर लागत नाही. मग कुणी म्हणतं एक वर्ष ड्रॉप घे, कुणी म्हणतं नर्सिंग कर, आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, "टाका बीएस्सीला, बघू पुढं." या 'बघू पुढं'मध्येच बऱ्याचदा घोळ होतो. बीएस्सी म्हणजे हुकलेल्या डॉक्टरकीवरचं समाधान नाही, तो वेगळा रस्ता आहे. पहिल्या वर्षी जे विषय घेतले जातात, त्यावर पुढची बरीच दारं उघडतात किंवा बंद होतात. म्हणून फी भरण्याआधी हे समजून घेतलेलं बरं.

कॉलेज कोणत्या विद्यापीठाचं?

अहिल्यानगर, पुणे आणि नाशिक जिल्ह्यांतली बीएस्सीची कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत. हे विद्यापीठ १९४९ साली सुरू झालं. नगरच्या पोरांना बायोलॉजी शिकायला पुण्यालाच जावं लागतं, अशी परिस्थिती आता नाही. नगर शहरात १९४७ साली सुरू झालेलं अहमदनगर कॉलेज आहे, जिल्हा मराठा संस्थेचं न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेज आहे, पेमराज सारडा महाविद्यालय आहे. संगमनेरला संगमनेर महाविद्यालय, श्रीरामपूरला बोरावके कॉलेज, कोपरगावला सद्गुरू गंगागीर महाराज कॉलेज, कर्जतला दादा पाटील महाविद्यालय, लोणी-प्रवरानगरला पद्मश्री विखे पाटील महाविद्यालय आहे. अकोले, पारनेर, शेवगाव, पाथर्डी या तालुक्यांच्या ठिकाणीही सायन्स कॉलेज आहे.

काही कॉलेजं आता स्वायत्त झाली आहेत. म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेज ठरवतं, पण पदवी विद्यापीठाचीच मिळते. त्यामुळे 'स्वायत्त' शब्द ऐकून घाबरायचं कारण नाही.

साध्या बीएस्सीला नीट किंवा सीईटी लागत नाही. बारावी सायन्सच्या मार्कांवर मेरिट लागतं. इथेच लोकांची गल्लत होते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची बीएस्सी ॲग्री हा वेगळा, चार वर्षांचा कोर्स आहे आणि त्याला एमएचटी-सीईटी द्यावी लागते. बी. फार्मसीलाही सीईटी लागते, बीएस्सी नर्सिंगची सीईटी वेगळी असते आणि जनावरांच्या डॉक्टरकीचा प्रवेश नीटच्या मार्कांवर होतो. नावात 'बीएस्सी' आहे म्हणून सगळं एकच, असं धरून चालू नये.

चार विषय, चार वेगळी कामं

बायोलॉजीच्या गटात जिल्ह्यात प्रामुख्याने चार विषय दिसतात.

*वनस्पतिशास्त्र म्हणजे बॉटनी.* झाडाची रचना, जाती ओळखणं, अन्न कसं तयार होतं, रोग कसे पडतात, बियाणं आणि आनुवंशिकता. प्रॅक्टिकलला देठाचा पातळ काप घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, फुलं उघडून त्यांचे भाग ओळखायचे, झाडांचे नमुने वाळवून कागदावर लावायचे. शेतकऱ्याच्या घरातल्या पोरांना हा विषय लवकर जवळचा वाटतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं जपलं आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेत न जाता त्यांनी जे जपलं, त्यामागचं शास्त्र या विषयात शिकवलं जातं.

*प्राणिशास्त्र म्हणजे झूलॉजी.* किड्यांपासून माणसापर्यंत सगळ्यांची शरीररचना, शरीराचं काम, पिकांवरच्या किडी, मधमाशी, रेशीमकिडा, मासे. पूर्वी या विषयात बेडूक चिरावा लागायचा आणि त्यामुळं काही पोरं लांब राहायची. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली कॉलेजात प्राणी चिरण्याचं प्रॅक्टिकल बंद केलं. आता ते चित्र, मॉडेल आणि संगणकावर शिकवतात.

*सूक्ष्मजीवशास्त्र म्हणजे मायक्रोबायोलॉजी.* जिवाणू, बुरशी, विषाणू. इथे हाताने करायचं काम सगळ्यात जास्त. जिवाणू काचेच्या बशीत वाढवायचे, रंग देऊन ओळखायचे, पाणी आणि दूध तपासायचं.

*जैवतंत्रज्ञान म्हणजे बायोटेक्नॉलॉजी.* डीएनए वेगळा काढणं, ऊतिसंवर्धन, जनुकांचा अभ्यास. नाव मोठं, खर्चही मोठा. हा कोर्स बऱ्याच ठिकाणी विनाअनुदानित असतो, म्हणजे फी जास्त.

प्रॅक्टिकल म्हणजे नुसती जर्नल भरणं नव्हे

मायक्रोबायोलॉजीचं एक प्रॅक्टिकल पाहा. दुधाच्या नळीत मिथिलीन ब्लू नावाचा निळा रंग थोडासा टाकतात आणि नळी कोमट पाण्यात ठेवतात. दुधात जिवाणू जास्त असले की ते दुधातला प्राणवायू लवकर संपवतात आणि निळा रंग पटकन उडतो. दूध स्वच्छ असलं तर रंग तासन्‌तास टिकतो. डेअरीच्या लॅबमध्ये कित्येक वर्षं हीच चाचणी वापरली गेली. ज्या घरात रोज सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर दूध जातं, त्या घरातलं पोरगं ही चाचणी शिकलं की घरची चरवी आणि कॅन कसा धुवायचा, हेही घरात सांगू शकतं.

दुसरं उदाहरण डाळिंबाचं. तेल्या रोग जिवाणूमुळे होतो. नुसतं बुरशीनाशक मारून तो जात नाही, हे ज्याला कळतं त्याच्या फवारणीचा खर्च वाचतो. हरभरा-सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात, म्हणून पेरणीआधी बियाण्याला जिवाणू खत लावतात. केळीची टिश्यू कल्चर रोपं लॅबमध्ये एका छोट्या कोंबापासून तयार होतात. ही सगळी गावातली रोजची कामं, त्यांचं शास्त्र बीएस्सीत येतं.

आपला जिल्हाच मोठी प्रयोगशाळा

अकोल्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, कर्जत तालुक्यात रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे, आणि माळढोकसाठी राखलेल्या अभयारण्याचा काही भागही नगर जिल्ह्यात येतो.

बिबट्याचं तर प्रत्येकाला माहीत आहे. उसात बिबट्या दिसला की गावात पळापळ होते. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरातल्या शेतीच्या भागात कॅमेरे लावून अभ्यास केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. जंगल नसलेल्या त्या दाट वस्तीच्या भागात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच मोठे बिबटे आढळले. म्हणजे बिबट्या वाट चुकून आलेला पाहुणा नाही, तो उसात राहतोच आहे, हे आकड्यांनी दिसलं. जगभर वाचला गेलेला हा अभ्यास आपल्या जिल्ह्यातल्या बांधावर झाला. झूलॉजीच्या पोरांना प्रोजेक्टसाठी लांब जायची गरज नाही.

नवीन पॅटर्न : तीन वर्षं की चार?

राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरण लागू झालं. त्यातल्या मुख्य गोष्टी अशा :

- अभ्यास आता क्रेडिटमध्ये मोजतात. थिअरीचे १५ तास म्हणजे एक क्रेडिट, प्रॅक्टिकलचे ३० तास म्हणजे एक क्रेडिट. वर्षाला साधारण ४० ते ४४ क्रेडिट होतात.
- तीन वर्षं केली की पदवी, चौथं वर्ष केलं की ऑनर्स पदवी.
- पहिलं वर्ष करून थांबावं लागलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा. त्यासाठी ४ क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स जादा करावा लागतो.
- क्रेडिट ऑनलाइन खात्यात जमा राहतात, त्यामुळे मध्ये खंड पडला तरी परत येता येतं. त्यासाठी कॉलेजात आयडी काढून घ्यावा.
- मुख्य विषयाला मेजर म्हणतात, जोडविषयाला मायनर. शिवाय दुसऱ्या शाखेचा एखादा विषय, भाषा, कौशल्याचा कोर्स आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव असतो.

पैशाची अडचण आली, लग्न ठरलं, घरी आजारपण आलं म्हणून शिक्षण सुटलेल्या मुली गावात किती आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्यासाठी परत येण्याची ही सोय मोलाची आहे. पण एका वर्षाच्या सर्टिफिकेटवर नोकरी लागेल, या भरवशावर मात्र थांबू नये.

केमिस्ट्री सोडण्याआधी दोनदा विचार करा

सगळ्यात मोठी चूक इथे होते. केमिस्ट्री अवघड जाते म्हणून पोरं ती लवकरात लवकर सोडतात. पण साखर कारखान्याची लॅब, डिस्टिलरी, औषध कंपनी, पाणी तपासणी इथे केमिस्ट्री आलेली असली की बायोलॉजीच्या पोराला फायदा होतो. एमएस्सीचा प्रवेशही पदवीला कोणता मुख्य विषय होता, त्यावर ठरतो.

गावात दुकान टाकायचं असलं तरी हाच प्रश्न येतो. कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी कृषी पदवीबरोबर केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी, बायोटेक्नॉलॉजी असलेली विज्ञान पदवीही चालते. खतविक्रीच्या परवान्याला मात्र विज्ञान पदवीधरांपैकी केमिस्ट्रीवाल्यांनाच मान्यता आहे, बाकीच्यांना कृषीचा कोर्स करावा लागतो. अर्ज करण्याआधी चालू नियम कृषी कार्यालयात विचारून घ्यावेत.

पुढे काय करता येतं?

- *एमएस्सी :* जिल्ह्यातल्या काही कॉलेजांत आणि पुणे विद्यापीठात. देशातल्या मोठ्या संस्थांसाठी जॅमसारख्या परीक्षा असतात.
- *वनखातं :* भारतीय वनसेवेला आणि राज्याच्या वनसेवेला पदवीला बॉटनी किंवा झूलॉजी असलेले उमेदवार बसू शकतात.
- *स्पर्धा परीक्षा :* एमपीएससी, यूपीएससी, बँक, जिथे कोणतीही पदवी चालते तिथे बीएस्सी चालते.
- *शिक्षक :* बीएस्सीनंतर दोन वर्षांचं बीएड, त्याला सीईटी. पुढे टीईटी आणि शिक्षक अभियोग्यता परीक्षा.
- *लॅब :* रक्त-लघवी तपासणीच्या कामाला डीएमएलटीसारखा कोर्स करावा लागतो. नुसत्या बीएस्सीवर स्वतःची पॅथॉलॉजी लॅब टाकता येत नाही, रिपोर्टवर पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरची सही लागते.
- *उद्योग :* डेअरी, जिवाणू खतं, टिश्यू कल्चर, अन्नप्रक्रिया. सुरुवातीचा पगार फार नसतो, हे आधीच माहीत असावं. हाताला काम येत असलं की तो वाढतो.

फी आणि एसटी

अनुदानित तुकडीची फी आणि विनाअनुदानित तुकडीची फी यात मोठा फरक असतो. एकाच कॉलेजात दोन्ही तुकड्या असू शकतात. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीला घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत लागतं. मुलींना पूर्ण फी माफीचा २०२४ चा निर्णय व्यावसायिक कोर्ससाठी आहे. तो साध्या बीएस्सीला आपोआप लागू आहे, असं समजून बजेट बांधू नये. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं हे जूनच्या आतच तयार ठेवावं. ऐनवेळी सेतूत गर्दी असते.

एसटीचा मुलींचा मोफत पास बारावीपर्यंतच आहे, पुढे सवलतीचा पास काढावा लागतो. आणि वेळापत्रक जरूर पाहावं. प्रॅक्टिकल बऱ्याचदा दुपारी असतात. गावाकडची शेवटची गाडी चुकत असेल तर पोरगी आठवड्यात दोन प्रॅक्टिकल बुडवते, जर्नल सर्टिफाय होत नाही आणि वर्ष अडकतं. बायोलॉजीत हा विषय थिअरीच्या पुस्तकाइतकाच महत्त्वाचा आहे.

ॲडमिशनच्या दिवशी विचारायचे सहा प्रश्न

१. पहिल्या वर्षाला कोणते विषय एकत्र घेता येतात?
२. त्यातला कोणता विषय तिसऱ्या वर्षाला मेजर म्हणून इथेच मिळतो? काही ठिकाणी विषय पहिल्या वर्षाला असतो, शेवटच्या वर्षाला नसतो.
३. ही तुकडी अनुदानित की विनाअनुदानित? वर्षाची एकूण फी लेखी किती?
४. लॅबमध्ये एका सूक्ष्मदर्शकावर किती पोरं बसतात? लॅब दाखवाल का?
५. इथे चौथं वर्ष आणि एमएस्सी आहे का?
६. होस्टेल आहे का, आणि प्रॅक्टिकल किती वाजता सुटतं?

आई-वडिलांनी हे प्रश्न विचारायला संकोच करू नये. ऑफिसात उत्तर मिळालं नाही तर विभागप्रमुखांना भेटावं. लॅबमध्ये जाऊन तिथे शिकणाऱ्या पोरांना दोन मिनिटं विचारलं तरी बरंच कळतं.

नीटची तयारी पुन्हा करायची असेल तर ती जरूर करावी. पण बीएस्सीचं ॲडमिशन नुसतं 'वर्ष वाया जाऊ नये' म्हणून घेतलं आणि लॅबकडे पाठ फिरवली, तर ना नीट होते ना बीएस्सी. दोन्हीपैकी कशाला पहिला मान द्यायचा, हे घरात बसून जूनमध्येच ठरवावं.