वेशीबाहेरची झाशी

झाशीचा इतिहास म्हटला की आपली गाडी १८५८ च्या एप्रिल महिन्यात येऊन थांबते. राणीसाहेब भांडेरी दरवाजातून बाहेर पडल्या आणि इतिहास संपला, अशीच आपली समजूत असते. पण त्यानंतर हे गाव जगले कशावर? वेशीबाहेर एवढे मोठे शहर उभे राहिले कसे? आणि आपण मराठी माणसे येथे टिकलो कशी? याचे अर्धे उत्तर रेल्वेत आहे. मी इतिहासाचा अभ्यासक नाही, रेल्वेतला पदविकाधारक अभियंता आहे. म्हणून ही गोष्ट रुळांच्या बाजूने सांगतो.

आधी वेशीबद्दल. ओरछ्याचे राजे वीरसिंह देव यांनी १६१३ साली बंगरा टेकडीवर किल्ला बांधला. पुढे छत्रसालांकडून बाजीराव पेशव्यांना बुंदेलखंडातील मुलूख मिळाला आणि १७४२ मध्ये नारो शंकर झाशीचे सुभेदार झाले. नाशिकला आजही ज्यांच्या नावाची घंटा आहे, तेच हे नारो शंकर. त्यांनी किल्ला वाढवला आणि त्याच्या पायथ्याशी पेठा वसवल्या. शहराभोवतीचा तट शिवराव भाऊ नेवाळकरांच्या कारकिर्दीतला मानतात. त्याला दहा दरवाजे. त्यांतल्या बऱ्याच दरवाजांची नावे पाहा : दतिया, ओरछा, सागर, भांडेर, उन्नाव, बडागाव. ज्या गावाला वाट जाते त्या गावाचे नाव. (हे उन्नाव म्हणजे सूर्यमंदिराचे, जवळचे उन्नाव, अवधातले नव्हे.) स्टेशनवर गाडी कुठे जाणार याच्या पाट्या लावतात, तशा या त्या काळच्या पाट्याच होत्या. आपले दतिया गेट म्हणजे दतियाकडे, पुढे ग्वाल्हेरकडे निघालेल्या वाटसरूचा फलाट.

आता एक योगायोग पाहा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली. चारच दिवसांनी गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने हिंदुस्थानभर लोहमार्ग टाकण्याची योजना कागदावर मांडली. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला आपले गंगाधरराव महाराज निवर्तले, आणि याच डलहौसीने दत्तक नामंजूर करून १८५४ मध्ये झाशी खालसा केली. ज्या हाताने आपले राज्य घेतले, त्याच हाताने रेल्वेचा नकाशाही आखला. एकासाठी दुसरे माफ करण्याचे कारण नाही. पण दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

१८५७ मध्ये मात्र रेल्वे झाशीच्या आसपासही नव्हती. सर ह्यू रोजची फौज जानेवारी १८५८ मध्ये मध्य हिंदुस्थानातून निघाली आणि लढत लढत २१ मार्चला झाशीपुढे आली. कोकणातल्या वरसईहून निघालेले विष्णुभट गोडसेही धुळीच्या वाटा तुडवतच येथे पोचले होते. शहराची लूट त्यांनी डोळ्यांनी पाहिली, म्हणून ती मराठीत लिहून राहिली.

त्यानंतरची अठ्ठावीस वर्षे आपण बहुधा विसरतो. १८६१ मध्ये इंग्रजांनी झाशी शहर शिंदे सरकारांना देऊन टाकले आणि आपल्या जिल्ह्याचे ठाणे लगतच्या 'झाशी नौआबाद' येथे ठेवले. गाव एकाचे, कचेरी दुसऱ्याची! त्यातच १८६८-६९ चा दुष्काळ पडला. बाहेरून धान्य आणायचे तर बैलगाडीशिवाय साधन नव्हते. १८८६ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला व मोरार शिंद्यांना परत देऊन इंग्रजांनी झाशी घेतली. हे शहर असे अदलाबदलीत गेले आणि अदलाबदलीतच परत आले.

याच सुमारास, १८८५ साली, इंडियन मिडलंड रेल्वे कंपनी स्थापन झाली होती. चार वर्षांत झाशीहून कानपूर, माणिकपूर, भोपाळ आणि ग्वाल्हेर अशा चार दिशांना लोहमार्ग सुरू झाले. १८८९ मध्ये दतियाची वाट वेशीऐवजी स्टेशनातून जाऊ लागली. वाफेच्या इंजिनाचा जंक्शनशिवाय निभाव लागत नसे. ठराविक अंतरावर पाणी भरायचे, कोळसा घ्यायचा, राख काढायची, इंजिन बदलायचे, ड्रायव्हर-फायरमनने विश्रांती घ्यायची. चार मार्ग जिथे मिळतात तिथे हे सारे चौपट. १८९५ मध्ये कारखाना निघाला. त्याच्या मागोमाग फिटर, लोहार, कारकून, गार्ड आले. त्यांच्यासाठी चाळी, बाजार, शाळा झाल्या. तटाबाहेर दुसरी झाशी वसली. १९०१ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ५५,७२४ भरली.

पुढे हा कारभार जी.आय.पी. रेल्वेकडे गेला. तिचे मुख्यालय मुंबईला, म्हणून झाशीचा धागा थेट बोरीबंदराशी जोडला गेला. १९१२ पासून धावणारी पंजाब मेल हा त्या धाग्याचा सर्वांच्या ओळखीचा पुरावा. आतल्या झाशीत पेशवाईपासूनची घराणी आणि बाहेरच्या झाशीत नोकरीनिमित्त आलेली माणसे, अशी मराठी वस्ती दोन पदरी झाली. संविधान सभेत झाशीचा आवाज उठवणारे रघुनाथ विनायक धुळेकर याच मातीतले. चंद्रशेखर आझादांचे सहकारी सदाशिवराव मलकापूरकरही झाशीचेच. १९२९ मध्ये ते आणि भगवानदास माहौर शस्त्रे घेऊन जाताना भुसावळ स्टेशनावर पकडले गेले. झाशी-भुसावळ ही वाट केवळ बदलीची नव्हती, क्रांतिकारकांचीही होती.

५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे झाली आणि झाशी मुंबईच्याच छायेत राहिली. १ एप्रिल २००३ रोजी मात्र झाशी मंडल उत्तर मध्य रेल्वेत गेले आणि मुख्यालय अलाहाबाद, म्हणजे आजचे प्रयागराज झाले. कारभाराच्या दृष्टीने ते सोयीचेही असेल. पण भुसावळ-नागपूरकडून बदलीवर येणारे मराठी कुटुंब, सोबत येणारी नवी सून, आरतीला एखादा नवा आवाज, हे आता पूर्वीसारखे आपोआप घडत नाही. शंभर वर्षे आपली भाषा येथे रेल्वेच्या पासावर येत होती. आता ती घरातूनच यावी लागेल.

स्टेशनला आज वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव आहे, याचा अभिमान आहेच. पण राणीसाहेबांचे चरित्र लिहिणारे पुष्कळ. कारखान्यातल्या मराठी फिटरचे चरित्र लिहिणारे आपल्याखेरीज कोणी नाही. म्हणून मंडळाच्या सभासदांना एक विनंती. घरातल्या ट्रंकेत आजोबांचे सर्व्हिस बुक, जुना पास, क्वार्टरपुढे काढलेला फोटो असेल तर टाकून देऊ नका. मागे नाव, गाव, साल लिहा आणि मंडळाकडे एक प्रत द्या. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत त्यांतली दहा नावे जरी छापता आली, तरी वेशीबाहेरच्या झाशीचा इतिहास सुरू झाला असे म्हणता येईल.

गणपती बाप्पा मोरया!