विंडोज मारून द्या न, भाऊ!

यवतमाळमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम फारसं कुणी ‘विकत’ घेत नसे आणि ‘इन्स्टॉल’ही करत नसे. ती ‘मारली’ जायची. सीपीयू स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये धरून दुकानात न्यायचा, “विंडोज मारून द्या न, भाऊ,” म्हणायचं आणि संध्याकाळी परत आणायचा. हा लेख त्या क्रियापदाचा आणि ते मारताना बहुतेक वेळा करायची राहून गेलेल्या एका खुणेचा इतिहास आहे.

विंडोज एक्सपी बाजारात आली ती २५ ऑक्टोबर २००१ रोजी. पुढच्याच वर्षी एमकेसीएलचा एमएस-सीआयटी हा कोर्स सुरू झाला. सरकारी नोकरीसाठी संगणकाचं प्रमाणपत्र लागायला लागलं आणि पुसद, वणी, दारव्हा अशा तालुक्याच्या गावीही कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या दिसू लागल्या. क्लास झाला की सरावासाठी घरी पीसी हवा. तो असेम्बल केलेला असायचा, आणि त्यात खोक्यातली विंडोज क्वचितच असायची, कारण ती घ्यायला आणखी काही हजार रुपये मोजावे लागत. त्याऐवजी दुकानदाराकडे एक सीडी असे. तिच्यावर मार्करनं पंचवीस अक्षरांची की लिहिलेली. मोठ्या कंपन्यांना एकगठ्ठा परवान्यासाठी दिलेल्या एक्सपीला घरच्या आवृत्तीसारखं ॲक्टिव्हेशन लागत नसे, म्हणून अशा सीड्या देशभर हातोहात फिरल्या.

सेटअप सुरू झाला की पडद्यावर यायचं: अजून ३९ मिनिटं. ज्यांनी तेव्हा एक्सपी मारलेली पाहिली आहे, त्यांना हा आकडा आजही आठवत असेल. आमच्याकडे ही ३९ मिनिटं भारनियमनाच्या वेळापत्रकात बसवावी लागत. मध्येच लाइन गेली की बरेचदा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आता त्या खुणेकडे येऊ.

संगणकावर मराठी त्याआधीही होती. पुण्याच्या सी-डॅकनं जिस्ट कार्ड बनवलं होतं. ते संगणकात बसवलं की भारतीय लिप्या दिसत. १९८८ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण ठरलं, १९९१ मध्ये ते सुधारलं गेलं, आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही इस्कीवरच आधारलेली आहे. पण दुकानात, डीटीपीवाल्याकडे आणि कचेरीत चालायचे ते कृतिदेवसारखे फॉन्ट. त्यांत फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरंच असत, फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवलेला असे. दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला की लग्नपत्रिकेचा मजकूर इंग्रजी अक्षरांचा भुसा होऊन बसायचा.

युनिकोडमध्ये असं होत नाही, पण तिथे ऑपरेटिंग सिस्टिमला राबावं लागतं. ‘दिग्रस’ हा शब्द घ्या. तो साठवला जातो तो असा: द, ऱ्हस्व वेलांटी, ग, हलन्त, र, स. सहा खुणा, उच्चाराच्या क्रमानं. दाखवताना मात्र वेलांटी उचलून ‘द’च्या आधी ठेवायची, ग, हलन्त आणि र मिळून ‘ग्र’ घडवायचा. हे काम फॉन्ट एकटा करू शकत नाही. ते करणारा भाग सिस्टिममध्ये असावा लागतो. विंडोजमध्ये देवनागरीसाठी तो आला २००० सालच्या आवृत्तीत. त्यासोबत आला ‘मंगल’ हा फॉन्ट, सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला.

विंडोज २००० मुख्यतः कचेऱ्यांसाठी होती. घरोघरी पोचली ती एक्सपी. तिच्यातही हे सगळं होतं, पण बंद. कंट्रोल पॅनेलमध्ये भाषांच्या पानावर जायचं, गुंतागुंतीच्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांसाठीच्या चौकटीत खूण करायची आणि पुन्हा सीडी घालायची. जागा लागायची सुमारे १० एमबी. ही खूण केली नाही, की युनिकोड मराठीच्या जागी चौकोनी डबे दिसत.

सीडी तर दुकानदाराबरोबर गेलेली!

आमच्या घरी पीसी आला २००७ मध्ये. मी दहा वर्षांचा होतो. आई दहावीपर्यंत मराठीत शिकलेली. तिनं विचारलं, “यात मराठी नाही का?” विंडोज मारून देणारा म्हणाला, “काकू, मराठीचा फॉन्ट वेगळा टाकावा लागते, त्याचे वेगळे पैसे.” आईनं मान डोलावली आणि पीसीवर क्रोशाचा रुमाल घातला. संगणक इंग्रजी येणाऱ्यांसाठी असतो, हे आमच्या घरात त्या दिवशी ठरून गेलं. तिला जे हवं होतं ते त्याच्या हातातल्या सीडीवर होतं, ही गोष्ट मला कळली ती इंजिनिअरिंगला.

त्याच वर्षी आलेल्या व्हिस्टापासून ही सोय मुळातच चालू असे. उबुंटूच्या सीड्या तर २०११ पर्यंत टपालानं फुकट मागवता येत, आणि त्यात देवनागरीची जुळणी करणारी पँगो ही लायब्ररी असे. पण कितीतरी घरांत एक्सपीच राहिली. ८ एप्रिल २०१४ ला तिचा सपोर्ट संपेपर्यंत आणि त्यानंतरही.

आता मी रोज सॉफ्टवेअर लिहितो. कोणती सोय आधीपासून चालू ठेवायची आणि कोणती बंद, यावर आमच्या मीटिंगमध्ये दहा मिनिटंही चर्चा होत नाही. ‘ज्याला हवं तो सेटिंगमध्ये जाऊन चालू करेल,’ असं कुणीतरी म्हणतं. सेटिंगचं ते पान इंग्रजीत असतं. ज्याला मराठी हवी, त्यालाच ते वाचता येत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चाही सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, त्यामुळे अनेक जुने पीसी तिच्यासाठी बाद ठरतात. यवतमाळला, पुसदला पुन्हा सीपीयू दुकानात जातील. कुणी लिनक्स टाकून घेईल, कुणी कुठून तरी आणलेली विंडोज मारून घेईल. तुमच्या घरचा गेला, तर भाषेचं पान येईल तेव्हा तिथे उभे राहा. आणि ज्यांच्यासाठी तो पीसी आहे, त्यांना विचारून मगच पुढे जा.