शुगर ऑन अ स्टिक

शुगर ऑन अ स्टिक : विद्यार्थ्याचे शालेय काम आणि त्यासाठी लागणारी संपूर्ण संचालन प्रणाली एकाच पेन ड्राइव्हवर ठेवणारे मुक्त सॉफ्टवेअर. सामायिक संगणक या पेन ड्राइव्हवरून सुरू केला, की विद्यार्थ्याला मागचे काम तिथूनच पुढे नेता येते.

इतिहास : ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पाच्या एक्सओ लॅपटॉपसाठी शुगर ही प्रणाली तयार झाली. रायगड जिल्ह्यातील खैरात येथील शाळेत हा लॅपटॉप २००७ मध्ये आला. प्रकल्पातून बाहेर पडल्यावर वॉल्टर बेंडर यांनी २००८ मध्ये शुगर लॅब्ज या संस्थेची स्थापना केली. प्रत्येक मुलाला लॅपटॉप देणे न परवडणाऱ्या शाळांनाही शुगर वापरता यावी, म्हणून ती फेडोरा लिनक्सच्या आधारे पेन ड्राइव्हवर आणली गेली. ‘स्ट्रॉबेरी’ ही आवृत्ती जून २००९ मध्ये, ‘ब्लूबेरी’ डिसेंबर २००९ मध्ये व ‘मिराबेल’ मे २०१० मध्ये निघाली. बॉस्टनच्या गार्डनर पायलट अकॅडमी या शाळेत शुगर ऑन अ स्टिकचा प्रायोगिक वापर झाला.

कार्यपद्धती : सुरुवातीच्या आवृत्त्यांसाठी १ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरे. मूळ प्रणाली त्यावर आक्रसलेल्या, न बदलणाऱ्या स्वरूपात असते. विद्यार्थ्याने केलेले बदल वेगळ्या जागेत साठतात. शाळेच्या संगणकाच्या हार्ड डिस्कला हात लागत नाही. त्यामुळे एका यंत्रावर पाळीपाळीने बसणाऱ्या मुलांचे काम एकमेकांत मिसळत नाही. लेखन, चित्र, गणित यांसाठी निरनिराळे उपक्रम असतात. प्रत्येक उपक्रमातील काम ‘जर्नल’मध्ये तारखेसह आपोआप नोंदले जाते, म्हणून लहान मुलांना फाइल व फोल्डर सांभाळावे लागत नाहीत.

मर्यादा : पेन ड्राइव्हवरून सुरू होण्याची सोय नसलेल्या जुन्या संगणकांना साहाय्यक सीडी लागे. बदल साठवण्याची जागा ठरावीक असे आणि फाइल पुसूनही ती मोकळी होत नसे. ती भरली की प्रणाली बिघडण्याचा संभव असे. संगणक रीतसर बंद न करता पेन ड्राइव्ह काढल्यास नोंदी खराब होतात. तो हरवला तर काम आणि प्रणाली दोन्ही जातात. प्रणालीची नवी प्रत सहज करता येते, पण जर्नलची प्रत वेगळी ठेवलेली नसेल तर त्यातील काम परत मिळत नाही. त्यामुळे अशा वर्गात पेन ड्राइव्ह गोळा करून जर्नलच्या प्रती ठेवणे हे शिक्षकाचे नियमित काम ठरते.